चारशेची लेन्स, तीस पावलं

"मोजणी लावली गं, मोजणी. या पळत, मुडद्यांनी मशीन रोवलंय रानात."

म्हातारी बांधावर उभी राहून ओरडत होती. आवाज असा, की कासुर्डीच्या माळावरून निघाला तो हायवे ओलांडून यवतच्या स्टँडवर चहा पिणाऱ्यांच्या कपात तरंग उठवून गेला असणार. एका हातात विळा, दुसऱ्या हातात शेळीचं दावं. आणि सुदाम, तू त्या तिपाईमागं उकिडवा बसलेला, डोळा लेन्सला लावून, जणू ती दुसऱ्याच कुणाला शिव्या देतेय. तिपाईवरच्या कॅमेऱ्याला दौंडच्या डॉक्टरांची सहाशेची लेन्स होती, म्हणजे सहाशे मिलिमीटरची, लांबचं जवळ आणणारी. त्यांची नजर गेली म्हणून ते विकत होते आणि दोन दिवस चालवून बघा म्हणून त्यांनी ती तुझ्या हवाली केलेली. पांढरी, बोअरच्या पायपाएवढी जाड. आपल्या भागात तीन पायांवर नळकांडं ठेवून रानात उभा राहिला तो मोजणीवाला. आज खुणा करणार, उद्या तिथून रस्ता जाणार, नाहीतर रूळ, नाहीतर विमान उतरणार. पाखरासाठी कुणी एवढा संसार मांडत असेल, हे म्हातारीला पटायचं कारणच नव्हतं.

तू मान न वळवता म्हणालास, "आजी, मोजणी न्हाई. पाखरू हाय. या, बघा."

"पाखराला तोफ?"

"बघा तर."

तिनं विळा तुझ्याच हातात धरायला दिला आणि डोळा लावला. समोर धाविक उभा होता, तांबूस अंगाचा, डोळ्यावर पांढरी भुवई ओढलेला.

"हे रोज पायात येतंय माझ्या," ती म्हणाली. "एवढं देखणं हाय व्हय ते."

नंतर तिनं विळा परत घेतला, बांधावर ठेवलेला गवताचा भारा तुझ्याकडून डोक्यावर उचलून घेतला आणि शेळी ओढत निघून गेली. झालं ते एवढंच. मी त्या सगळ्या वेळात मोटरसायकलवर बसून किक मारत होतो. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मी मांडवगणला माझ्या स्टुडिओवर पोचेपर्यंत त्या एका म्हातारीच्या चाळीस बाया झाल्या होत्या. संध्याकाळी वडगाव रासाईला तुझ्या ओट्यावर चहा येईस्तोवर दोनशे. आडवा लावलेला ट्रॅक्टर आला, दगड आले, आणि त्या गर्दीत "आधी मला कापा, मग सुदामला हात लावा" असं म्हणणारा मीही आलो. संगीतावहिनींनी विचारलं, "मग हे कुठं हुते?" मी म्हणालो, "हा? हा पाखरू बघत होता." त्या सगळ्या कहाणीत तेवढंच खरं होतं. तू बशीतला चहा फुंकत बसला होतास. एकदाही म्हणाला नाहीस की बबन, तू तर किक मारत होतास.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. सतरा दिवसांत मी तुझ्याविषयी गावात कुणाला काही सांगितलेलं नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला हे कसं जमलं याचं मांडवगणात सगळ्यांना नवल वाटतंय. बोलले ते दुसरेच. पुण्याच्या त्या पक्षीवाल्या ग्रुपवर तुझ्या फोटोखाली फुलांच्या माळा पडल्या. कुणी तुला निसर्गाचा पुत्र केलं, कुणी भीमामाईचा लेक. ज्यांना तू दर हिवाळ्यात सांगायचास की घरट्याजवळ जाऊ नका, तेही. आणि त्याच्या खालीच एकानं विचारलं, "सुरयची घरटी नक्की कुठल्या बेटावर आहेत? लोकेशन पाठवा ना." तुझी राख गार व्हायची होती, सुदाम. मी त्याला लोकेशन पाठवलं. शिरूरच्या पलीकडं एका पोल्ट्रीच्या मागच्या खड्ड्याचं. रविवारी तो तीन गाड्या भरून तिथं गेला म्हणतात. तू असतास तर मला झापलं असतंस आणि आत जाऊन हसला असतास.

आणि तो वाळूवाला. नाव लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या शोकसभेत पांढरा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसला होता. ज्याच्या बोटींनी नदीचं पोट कोरून काढलं, त्यानं "सुदामभाऊंच्या जाण्यानं पोकळी" असा शब्द वापरला. पोकळी. मी उठून जाणार होतो त्याच्या अंगावर. उठलोही. मग पाणी पिऊन परत बसलो. हे काही कुठं सांगण्यासारखं नाही.

तू इतका सांभाळून वागणारा माणूस. दौंडच्या यार्डात वीस वर्षं लिव्हर ओढून गाड्यांचा रूळ बदलायचं काम केलंस. मी लोकांना सांगत सुटायचो की सुदामनं खंड्याला मासा गिळायला सवड मिळावी म्हणून एक्स्प्रेस चार मिनिटं बाहेर उभी केली. तुला त्याचा राग यायचा. तू खरोखर रागवायचास अशी तेवढीच एक थाप. "रूळ आधी, पाखरू नंतर," म्हणायचास, "असलं बोलशील तर माझी नोकरी जाईल." गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, पुढचं पाऊल टाकायच्या आधी खाली बघायचं, ही तुझी चाल रानातही तशीच होती. आपण माळावर चालायला लागलो की मी दहा पावलं पुढं, आणि तू मागं, काटकी बाजूला करत, कुणाचं अंडं तर नाही ना पायाखाली, असं बघत. मला तू बघायला शिकवलंस ते तिथंच. चाळीस वर्षं या मातीत काढून मला टिटवी, कावळा आणि कोंबडी एवढेच तीन पक्षी ठाऊक होते. आता लग्नाच्या मांडवात कॅमेरा घेऊन उभा असलो तरी वरून वेडा राघू बोलला की मान आपोआप वळते. एकदा सप्तपदीचं सहावं पाऊल त्यात राहून गेलं. नवरीच्या बापानं माझी आई-बहीण काढली. ते तुझ्या खात्यावर.

आता लेन्सचं.

डॉक्टरांची सहाशे आणि नवी शंभर-चारशे. दोन्ही तुझ्या आवाक्यात जेमतेम येत होत्या, पण घ्यायची तर एकच. सहाशे जुनी, जड, तिपाईशिवाय जागची न हलणारी, मागंपुढं न होणारी. चारशे हलकी, गळ्यात अडकवून फिरावं अशी, जवळचं लांबचं दोन्ही घेणारी. तू चार महिने विचार करत होतास. वहिनी म्हणायच्या, पोरीचं स्थळ बघताना एवढा वेळ लावला नसता यांनी.

तुला फोटो एकच हवा होता. नदी सुरय भीमेतल्या बेटावर वाळूत अंडी घालते, उघड्यावर, ना काडी ना आडोसा. उन्हं तापली की ती पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार राहावीत म्हणून. तू हे दोन उन्हाळे दुर्बिणीतून पाहिलं होतंस आणि तुला त्या पोटावरचे थेंब हवे होते. बाकी काही नको. मी म्हणालो, "एवढ्यासाठी लेन्स? मी इथं बसून तुला थेंब काढून देतो, कॉम्प्युटरवर." तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस.

मग तू ते पुठ्ठ्याचं केलंस. खोक्यातून सुरय कापलीस, खऱ्या मापाची, पोट राखाडी रंगवलंस, त्यावर पांढऱ्या खडूनं थेंब काढलेस. काठावरून बेट नव्वद पावलांवर, म्हणून तुझ्या शेवंतीच्या वावरात नव्वद पावलं मोजून ती काठीवर उभी केलीस. इकडं एकदा डॉक्टरांची सहाशे, एकदा मी शिरूरच्या एका फोटोवाल्याकडून मागून आणलेली चारशे. सहाशेतून थेंब मोजता येत होते. अकरा. चारशेतून नुसतं राखाडी पोट. मग तू चारशे घेऊन चालत पुढं गेलास, साठ पावलांवर उभा राहिलास आणि म्हणालास, "हितून दिसतात."

"मग झालं की," मी म्हणालो. "तीस पावलं पुढं जा. पायांना काय भाडं लागतंय?"

"काठ नव्वदवरच संपतो, बबन. पुढं पाणी हाय."

"गुडघाभर."

हे मी बोललो. शेवंतीच्या वावरात, दोन्ही हात कमरेवर ठेवून. गुडघाभर.

आणि मग ओट्यावर येऊन मी जे सुरू केलं, ते तुला आठवत असेल. तिपाई बघितली की कासुर्डीच्या दोनशे बाया, उद्या वडगावच्या पाचशे. या वयात ती जड लेन्स उचलून तुझा खांदा निखळणार, मग रुळाचा लिव्हर कोण ओढणार. चारशेनं तर शिरूरच्या एका पोरानं चंद्रावरचे खड्डे काढलेत, आणि कुठल्या ठेकेदारानं ठेवलेत तेही वाचता येतं. जपानात सहाशेवाल्यांना आता कुणी विचारत नाही. जपान मी कुठून आणलं मलाच माहीत नाही. वहिनी हसत होत्या. तू हसत नव्हतास. खडूचे डाग पडलेली बोटं चोळत माझ्याकडं बघत होतास, फार वेळ, रुळावर गाडी कुठून येते ते बघावं तसं. मग म्हणालास, "बरं. चारशे घेऊ."

इतक्या सहज. चार महिने घासाघीस करणारा माणूस एका चहात पडला. मी घरी जाताना स्वतःवर इतका खूश होतो की मोटरसायकल भीमेच्या पुलावरून हात सोडून चालवली. बायकोला सांगितलं, आज मी सुदामला असा गुंडाळलाय की त्याला आयुष्यभर कळणार नाही.

कारण सुदाम, सहाशे माझ्या काय कामाची होती? मंगलाष्टका चालू असताना स्टेजपुढं शंभर मोबाइल वर उठतात. मागच्या खुर्च्यांवर उभं राहून नवरीचा चेहरा घ्यायचा तर चारशेची झूम लागते. सहाशेतून तिची नुसती नथ आली असती. तळेगावच्या एका पोरानं ड्रोन आणला, लांबची लेन्स आणली, आणि दोन वर्षं माझी लग्नं एकेक करून त्याच्याकडं गेली. मी चारचौघांत सांगायचो की ऑर्डरी नाकारतोय, दम लागतो म्हणून. स्टुडिओत बसून पासपोर्ट फोटो काढत होतो. मला झूम हवी होती. विकत घ्यायची ऐपत नव्हती. तुझ्याकडं आली की माझीच झाली, एवढा सरळ हिशेब होता माझा.

आणि झालीच माझी. गेल्या हंगामात ती तुझ्या गळ्यात किती दिवस होती? लगीनसराई आणि सुरयची वीण, दोन्ही एकाच उन्हात येतात, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. तू फोन करायचास, "बबन, अंडी घातलीत." मी म्हणायचो, "परवा देतो, मांडवगणचं एक उरकलं की." परवा निमगावचं निघायचं. पहिल्या वर्षी तुला लेन्स मिळाली तोवर पिल्लं उडून गेली होती. तू एक शब्द बोलला नाहीस. मला त्याचाही राग यायचा. माणसानं भांडावं. भांडला असतास तर मी खोटं बोलून सुटलो असतो आणि आपण बरोबरीत आलो असतो.

या वर्षी तुला एकच सकाळ मिळाली. आदल्या दिवशी मी लेन्स आणून दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी एका हळदीला ती मला परत हवी होती. "दुपारपर्यंत काय ते कर," असं मी म्हणालो. तुझ्याच दारात उभं राहून, तुझ्याच लेन्सविषयी.

काठ ते बेट नव्वद पावलं. तुझ्या चपला काठावर नीट शेजारी शेजारी काढलेल्या होत्या. तिथून पुढं गुडघाभर पाणी होतं हे खरं आहे, सुदाम. मी नंतर काठी घेऊन उतरलो. वीस पावलं गुडघाभर. एकविसाव्याला काठी गेली ती गेलीच. वाळू उपसून उपसून त्यांनी तिथं विहीर केलीय आणि वरून पाणी तसंच सपाट, तसंच चमकत होतं. डोळा लेन्सला लावून चालणाऱ्याला काय कळणार. खाली बघितल्याशिवाय पाऊल न टाकणारा तू, त्या दिवशी वर बघत चाललास. कारण दुपार व्हायच्या आत तुला मला लेन्स परत द्यायची होती.

गावात कुणीतरी सुरू केलंय की तुझा कॅमेरावाला हात शेवटपर्यंत पाण्याच्या वर होता. मला वाटलं हे माझंच कुठलं तरी जुनं वाक्य फिरत आलं असेल. पण मी नाही सांगितलं. आणि कुणी पाहिलेलंच नाही. पलीकडच्या काठावर मोटार चालू करायला आलेल्या माणसांना तू सापडलास दुपारी, कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच होता. तुझ्यासाठी एखादी चांगली थाप रचावी असं किती वाटलं मला. तुला शेवटी सुरय दिसली, थेंब मिळाले, असलं काहीतरी. जमलं नाही. कार्डात तेवीस फोटो निघाले. तेवीसही राखाडी पोटाचे. एकेक फोटोत ती थोडी थोडी मोठी होत गेलीय, इतकंच. थेंब एकातही नाही.

पंधराव्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ करत गेलो, मी, ज्यानं आयुष्यात एकही वाक्य आधी ठरवून बोललेलं नाही. वहिनी ओट्यावर शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. पोलिसांनी लेन्स परत दिल्यावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की भिजलेला मोबाइल तांदळात सुकतो, म्हणून त्यांनी ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलेली. आत गेल्या, काढून आणली. फिरवायच्या कड्यात तांदळाचे दाणे अडकले होते. पदरानं पुसून त्यांनी ती माझ्यापुढं धरली.

"घेऊन जा, भावजी. चालतीय का बघा. तुमची लग्नं असतील."

मी हात पुढं केला नाही. पाठ केलेलं सगळं विसरलो. मी म्हणालो, "वहिनी, ही लेन्स त्याला नको होती. त्याला सहाशे हवी होती. सहाशे असती तर तो काठावर बसून राहिला असता, पाण्यात पाय घालायचं कारण नव्हतं. मी त्याला गुंडाळलं. बाया, खांदा, जपान, सगळं खोटं. मला माझ्या लग्नांसाठी झूम हवी होती. त्याला फसवून मी ती घ्यायला लावली."

मला काय हवं होतं वहिनींकडून, सांगू? शिवी हवी होती. चप्पल हवी होती. गाव गोळा करून त्यांनी सांगावं की यानं माझा नवरा मारला, असं हवं होतं. निदान एकदा माझ्याविषयीची एक खरी गोष्ट माझ्याशिवाय दुसऱ्या कुणीतरी मोठ्यानं सांगावी.

वहिनींनी लेन्स मांडीवर घेतली. कड्यातला एक दाणा नखानं काढला, मग दुसरा.

"त्यांना ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या. "घ्यायच्या आदल्या दिवशीच बोलले मला. म्हनले, बबनचं दुकान चालत न्हाई, त्याला हीच लागंल. पाखरं काय, फुडल्या वर्षी बी येत्यात."